म्हातारी कुठे ठेवायची?

जुलैचा पहिला आठवडा होता. संध्याकाळी सातच्या सुमारास एक विशीतली मुलगी नारायण पेठेतल्या माझ्या खोलीवर आली आणि उंबऱ्यातूनच कुजबुजली, "ताई, आवाज गेलाय माझा. सहा आठवड्यांवर स्पर्धा आहे." बरोबर तिच्या एकांकिकेचा दिग्दर्शक होता. तिच्याच कॉलेजातला, तिच्यापेक्षा एका वर्षानं मोठा. तो तिच्याहून जास्त घाबरलेला दिसत होता, कारण एकांकिका पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजीची आणि आजी पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत रंगमंचावर. ग्रुपमधली सगळी पोरं तिला एव्हाना 'आजी'च म्हणायला लागली होती. मीही इथे तिला आजीच म्हणते. तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

नटांचा आवाज आणि शरीर घडवणं हे माझं काम. पुण्यात दर पावसाळ्यात अशी चार-पाच पोरं माझ्याकडे येतात. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनं १९६३ साली पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांमधली एकांकिका स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून जुलै-ऑगस्ट म्हणजे एकांकिकेचे दिवस, हे या शहराच्या अंगवळणी पडलं आहे. रात्री अकरापर्यंत तालमी, भरत नाट्य मंदिरात दुमदुमणारं 'अरे आव्वाज कुणाचा', आणि महिनाभर बसलेले घसे. घसा बसणं म्हणजे मेहनतीची खूण, असं आपल्याकडे अजूनही अभिमानानं सांगितलं जातं. मला ते ऐकवत नाही. पैलवानाचा खांदा निखळला तर आखाड्यात त्याला कुणी शाबासकी देत नाही; चुकीचा डाव कुठे झाला ते आधी बघतात.

आधी दुर्बीण

पहिल्या भेटीत मी तिला एकही व्यायाम दिला नाही. आवाज चार आठवड्यांपासून घोगरा होता. तीन आठवड्यांवर घोगरेपणा टिकला की आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं, ही माझी अट आहे आणि तिला अपवाद नाही. आत सूज आहे, गाठ आहे की आणखी काही, हे बाहेरून ऐकून कुणालाच कळत नाही, मलाही नाही. आजीला डॉक्टरची धास्ती होती. डॉक्टर 'नाटक बंद' म्हणतील, अशी. मी तिला सांगितलं की डॉ. श्रीराम लागू मुळात घशाचेच शल्यचिकित्सक होते, तेव्हा डॉक्टरांची जात नाटकाची वैरी आहे असं समजू नकोस. तेवढ्यानं ती हसली आणि हसताना तिचा आवाज स्वच्छ आला! ते मी मनात टिपून ठेवलं. ज्या गळ्यातून हसू मोकळं येतं, तो गळा बोलताना अडतो, याचा अर्थ बोलण्याच्या रीतीत काहीतरी आहे.

दुर्बिणीनं केलेल्या तपासणीत दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो त्या जागी, मऊ सूज दिसली. स्वरतंतूंच्या गाठी जिथे धरतात, ती हीच जागा, कारण कंपनात टक्कर तिथे सर्वांत जोरात बसते. गाठी अजून घट्ट झाल्या नव्हत्या. शस्त्रक्रियेची गरज नाही, स्पीच थेरपी घ्या, पाणी प्या, ओरडणं बंद, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. नाटकाला त्यांनी हरकत घेतली नाही. "ही जशी बोलते आहे तसं नाटक नको," एवढंच म्हणाले. पुढचं काम मग तिघांत वाटून घेतलं: सूज डॉक्टरांकडे, रोजचं बोलणं स्पीच थेरपिस्टकडे, आणि आजीची भूमिका माझ्याकडे.

त्यानंतर मी तिच्या दिवसाचा हिशेब मांडायला बसले. सकाळी कॉलेज. दुपारी चार ते सहा कोथरूडला शिकवणी, सातवीची आठ मुलं. तिथून मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून तालमीला. तोंडाला स्कार्फ, कानावर वारा, आणि स्कार्फमधून पुढचीला ऐकू जाईल अशा आवाजात वीस मिनिटं गप्पा. साडेसहा ते अकरा तालीम. मग टपरीवर वडापाव-चहा आणि घरी जाऊन लगेच आडवं होणं. झोपेत पोटातलं आम्ल वर येऊन घशाशी जळजळतं, त्याला हे वेळापत्रक फार सोयीचं असतं. नाटकातल्या पाऊण तासाला सगळे दोष देत होते, पण बाकीच्या दिवसाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

बाईचे स्वरतंतू साध्या बोलण्यात सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांना भिडतात. पंधरा मिनिटं सलग आवाज काढला तर एक लाख ऐंशी हजार टकरा होतात. हा आकडा मी पोरांना मुद्दाम सांगते, घाबरवायला नाही, तर 'एवढंसं तर बोलले' हे वाक्य बंद व्हावं म्हणून.

उपाय म्हणून ती जे करत होती त्यातलं निम्मं उलटं पडत होतं. आवाज जपायचा म्हणून दिवसभर कुजबुजायची. जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्र मोकळं राहत नाही, आवळलेलंच राहतं. दर पाच मिनिटांनी खाकरायची, म्हणजे सुजलेल्या जागेवर आणखी एक आपट. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळायची, त्यामुळे दुखणं कळेनासं व्हायचं आणि ती आणखी रेटायची. ज्येष्ठमध आणि मधाचं चाटण मात्र मी बंद केलं नाही. त्यानं लाळ सुटते, घशाला बरं वाटतं. पण जे गिळतो ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवतही नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. तिथवर थेट पोचते ती वाफ. पाणीसुद्धा आतून, शरीरभर फिरूनच पोचतं, म्हणून ते प्रयोगाच्या आधी घटाघटा पिऊन भागत नाही. सकाळपासून प्यावं लागतं.

मान

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, "तुझी आजी दाखव." संवाद नको, नुसती उभी राहा.

ती उभी राहिली आणि मला अर्धं उत्तर मिळालं. पाठीला पोक काढलं होतं, ते ठीक. पण पोक काढल्यावर नजर जमिनीकडे जाते आणि प्रेक्षकांना तर चेहरा दिसायला हवा. म्हणून तिनं हनुवटी पुढे काढून वर उचलली होती. मानेची मागची बाजू दुमडलेली, पुढची ताणलेली. स्वरयंत्र वर खेचलेलं, गिळताना जातं तसं. गुडघे मागे दाबून घट्ट केलेले. उजव्या हातात काठी, मूठ पांढरी पडेपर्यंत आवळलेली, आणि त्या मुठीमागोमाग खांदा कानापर्यंत आलेला. या सगळ्याच्या वर ती म्हातारीचा आवाज काढत होती: वरच्या पट्टीत, चिरका, थरथरता. थरथर कशातून येत होती? घसा आवळून हवा कोंडायची आणि थोडी थोडी सोडायची, त्यातून.

एफ. एम. अलेक्झांडर नावाचा नट १८६९ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात जन्मला. कविता-उतारे सादर करताना त्याचा आवाज बसायचा, एरवी बोलताना ठीक असायचा. डॉक्टरांनी सांगितलेल्या विश्रांतीनं बरं वाटे, रंगमंचावर गेला की पुन्हा तेच. शेवटी त्यानं आरशांसमोर उभं राहून स्वतःला न्याहाळलं. सादर करायला लागताक्षणी आपण डोकं मागे ओढतो, स्वरयंत्र दाबतो आणि तोंडानं हवा खेचतो, हे त्याला दिसलं. त्याची पुढची पद्धत त्या आरशातून निघाली. आजीचं प्रकरण त्याच घराण्यातलं होतं. फरक एवढाच की तो ही सवय नकळत करत होता, आणि हिनं ती भूमिका म्हणून, मेहनत घेऊन बसवली होती.

मूठ आवळण्याचा गळ्याशी काय संबंध, असं दिग्दर्शकानं विचारलं. मी त्याला खोलीतला जड लाकडी पाट एका हातानं उचलायला सांगितला. उचलताना त्याचा श्वास थांबला. जोर लावायचा झाला की शरीर छातीत हवा कोंडतं आणि त्यासाठी स्वरतंतू घट्ट मिटतात. मडकं उचलणारी बाई त्या क्षणाला बोलत नाही, उचलून झाल्यावर बोलते. आजी मात्र काठीवर सगळा जोर टाकून त्याच क्षणी पल्लेदार वाक्यं बोलत होती.

तेव्हा मी तिला जे सांगितलं, ते या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. म्हातारपण घशात ठेवू नकोस. ते पावलांत ठेव, गुडघ्यात ठेव, उठण्या-बसण्याच्या वेळेत ठेव. श्वासाच्या वाटेवर सोडून कुठेही ठेव.

सतरंजी, नळी, मंडई

पहिले तीन आठवडे आम्ही रोज पाऊण तास बसलो. बसलो म्हणजे खरंतर ती आडवी पडली. सतरंजीवर उताणी, गुडघे उभे, तळवे जमिनीला, डोक्याखाली शब्दकोशाएवढं जाड पुस्तक, म्हणजे मान मागे पडत नाही. हात बरगड्यांच्या खालच्या कडेवर. 'पोटातून श्वास घे' हे वाक्य मी वापरत नाही. पोटात हवा जात नाही, आणि ते ऐकलं की मुलं पोट पुढे ढकलायला लागतात. मी म्हणते, श्वास सोड, आणि पुढचा आपला आपण येईपर्यंत थांब. आजीला हे थांबणं फार अवघड गेलं. पहिले दोन दिवस श्वास येण्याआधीच ती तो ओढायची, खांद्यांसकट. तिसऱ्या दिवशी बरगड्या बाजूला उघडल्याचं तिच्याच हाताला लागलं आणि ती एकदम म्हणाली, "अगं बाई, इकडे पण आहे की!" कुशीकडे हात दाखवून.

आवाजासाठी स्पीच थेरपिस्टनं दिलेला नळीचा व्यायाम चालू होता. शहाळ्याची नळी, अर्धा पेला पाणी, नळीचं टोक दोन बोटं पाण्यात, आणि बुडबुडे काढत 'ऊ' असा सूर. तोंडापुढे पाण्याचा हलका अडसर असला की मागे जो दाब तयार होतो, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटण्याऐवजी अलगद भिडतात. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-दोन मिनिटं. गाणारे पहाटे खर्ज लावतात त्याच्याशी याचं नातं आहे, पण सुजलेल्या गळ्याला एकदम खर्जात नेऊ नये. आम्ही तिच्या सहज पट्टीतच राहिलो.

प्रगती मोजायला माझी एक साधी रीत आहे. 'सापातला' स लांबवायचा आणि मग 'झाडातला' झ, त्यातला हकार काढून, माशी गुणगुणते तसा. दोन्हींना जीभ जवळपास एकाच जागी असते; फरक हा की झ ला स्वरतंतू जुळावे लागतात. निरोगी गळ्यात दोन्ही साधारण सारखेच टिकतात. पहिल्या आठवड्यात आजीचा स एकोणीस सेकंद टिकला आणि झ दहा. हवा होती, जुळणी नव्हती. तिसऱ्या आठवड्याअखेर झ चौदावर आला. हा तपासणीचा पर्याय नाही, पण रोजच्या रोज स्वतःच्या कानानं ऐकता येतो म्हणून मुलं तो मन लावून करतात.

मग एका शनिवारी सकाळी मी तिला महात्मा फुले मंडईत नेलं. जाताना एकच काम दिलं: म्हाताऱ्या माणसांचे आवाज ऐक, आणि ती उठतात कशी ते बघ. मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या एका आजींसमोर आम्ही बराच वेळ घालवला. चार जुड्या घेतल्या, निवडल्या, पुन्हा दोन घेतल्या. बाई पोत्यावर उकिडव्या बसलेल्या, पाठ ताठ. पोक औषधालाही नव्हतं. आवाज जाड, खालच्या पट्टीतला, आणि शेजारच्या गल्लीपर्यंत आरपार जाणारा. मग त्यांना सुटे पैसे आणायला उठायचं होतं. आधी त्यांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला. तोंडातून 'हं' निघाला, नुसता उच्छ्वास. त्या उठल्या. उभ्या राहिल्यावर लगेच चालल्या नाहीत. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं, पदर सारखा केला. आणि मग हाक मारली पलीकडच्या गाळ्यावरच्या पोराला.

आजी माझा दंड धरून हळूच म्हणाली, "ताई, उठताना त्या काहीच बोलल्या नाहीत."

तिला सापडलं होतं. म्हाताऱ्या माणसाकडे श्वासाची शिल्लक कमी असते. तो एकाच श्वासात उठणं आणि बोलणं दोन्ही करत नाही. आधी हालचाल, मग थांबणं, मग श्वास, मग शब्द. विशीतली मुलगी ही चारही कामं एकदम करू शकते आणि करते, म्हणून पोक काढूनही ती विशीचीच दिसते. आवाजाची पट्टीही तिनं तिथेच बदलली. वय वाढतं तसा बायकांचा आवाज बहुधा थोडा खाली उतरतो, पुरुषांचा उतारवयात थोडा चढतो. रंगमंचावरची चिरक्या आवाजाची म्हातारी आपण एकमेकांची बघून शिकलो आहोत.

त्यानंतर संवादांवर काम सुरू झालं तेव्हा मी भरतमुनींचा आधार घेतला. नाट्यशास्त्रात आवाजाची तीन स्थानं सांगितली आहेत: उर, कंठ आणि शिर. जवळच्याशी बोलताना उर, थोड्या अंतरावरच्याशी कंठ, लांबच्याशी शिर. हे मी पाठ करून घेत नाही, खोलीत चालवून घेते. आजीचं एक वाक्य होतं: "दिवा राहू दे. तो यायचाय अजून." ते तिनं आधी मांडीवरच्या नातवाला म्हटलं, मग दाराशी उभ्या सुनेला, मग जिन्याखालच्या कुणाला. आवाजाची फेक वाढवण्यासाठी जोर लावावा लागत नाही, आवाजाची जागा बदलावी लागते, हे तिच्या ध्यानात आलं. त्याच ग्रंथात काकूचे, म्हणजे बोलण्यातल्या स्वराच्या चढउताराचे, दोन प्रकार आहेत, साकांक्ष आणि निराकांक्ष, म्हणजे अजून काही बाकी असलेला आणि अर्थ पुरा झालेला स्वर. 'दिवा राहू दे' हे तिनं खाली आणून मिटवलं की ती सुनेला दिलेली आज्ञा व्हायची. 'दे' अधांतरी ठेवला की त्यात वाट बघणं यायचं. घसा जराही न ताणता ती पंच्याऐंशीची झाली, आणि दिग्दर्शक खिडकीपाशी उभा होता तो खाली बसला.

माझं चुकलं कुठे

चौथ्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्यांच्या तालमीला गेले. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. माझी खोली शांत, तीत आम्ही दोघी, सतरंजी, नळी. तालमीचा हॉल पत्र्याच्या छपराचा. बाहेर आषाढातला पाऊस, आत चौदा पोरं, एक ढोलकी आणि प्रॉम्प्टर. पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की सगळ्यांचेच आवाज आपोआप चढायचे. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. दहा मिनिटांत आजीची हनुवटी वर गेली आणि तीन आठवड्यांचं काम माझ्या डोळ्यांदेखत विरघळलं.

मी चिडले नाही, जवळ जाऊन बघितलं. आणि मला दोन गोष्टी दिसल्या, ज्या माझ्या खोलीत दिसणं शक्यच नव्हतं.

पहिली, काठी. माझ्याकडे ती माझी छत्री काठी म्हणून वापरायची. इथे नेपथ्याच्या पोरांनी एक बांबू कापून दिला होता, आणि तो आखूड होता. चालायच्या काठीचं वरचं टोक हात सैल सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावं लागतं. ही मनगटाच्या चांगली चार बोटं खाली. तीवर टेकायचं तर कमरेतून घसरून पुढे झुकावंच लागे, आणि मग चेहरा दाखवायला मान वर. म्हणजे मी सतरंजीवर जी मान सोडवत होते, ती काठी रोज संध्याकाळी पुन्हा आवळत होती.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पोकासाठी पाठीवर उशी होती, आणि ती हलू नये म्हणून छातीभोवती क्रेप बँडेज गुंडाळलेलं. पाच वेढे, घट्ट. महिन्याभरापासून. वर नऊवारीचा कासोटा कमरेला कचकून. ज्या बरगड्या उघडायला मी शिकवत होते, त्या तालमीत बांधलेल्या होत्या. मी विचारलं, "अगं, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "ताई, तुम्ही आवाजाचं विचारत होतात, हे तर कपडेपटाचं आहे ना."

तिचं बरोबर होतं. मी आवाजाचंच विचारत होते.

त्याच रात्री काठी बदलली. कपडेपट बघणाऱ्या मुलीनं उशी पोलक्याच्या आतून, फक्त पाठीकडे शिवून टाकली, आणि कासोटा बांधताना आजीनं श्वास घेऊन बरगड्या फुगवून ठेवायच्या असं ठरलं. पाऊस जोरात असेल तेव्हा पूर्ण आवाजात तालीम घ्यायची नाही, त्या वेळात हालचाली बसवायच्या, हे दिग्दर्शकानं आपण होऊन सुचवलं. माझ्या तीन आठवड्यांपेक्षा या एका रात्रीनं जास्त काम केलं, असं मला आजही वाटतं. शरीर आणि आवाज घडवताना नटाला एका शांत खोलीत बोलावून बसवणं सोपं असतं, पण भूमिका त्या खोलीत राहत नाही.

हंबरडा

एक भांडण मात्र बाकी होतं. शेवटाकडे मुलगा येणार नाही हे कळतं तेव्हा आजी हंबरडा फोडते, असं संहितेत होतं. दिग्दर्शकाचं म्हणणं, "ताई, तिथेच तर टाळी आहे." डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट होता, ओरडणं बंद. मी नाही म्हणून मोकळी होऊ शकले असते, पण दिग्दर्शकाची मागणी खोटी नव्हती. प्रसंगाला तेवढी उंची हवीच होती.

आम्ही ती उंची शरीरात शोधली. बातमी कळते, आजी काठी सोडते. काठी पडल्याचा आवाज होतो. तोंड उघडतं, बरगड्या पूर्ण उघडतात, आणि आवाज येत नाही. गुडघे वाकायला लागतात, आणि उठण्याच्या उलट क्रमानं ती खाली बसते: हात गुडघ्यावर, 'हं', वजन, जमीन. बसल्यावर छातीतून, अगदी खालून, एक सूर निघतो. ओठ जवळजवळ मिटलेले, नळीच्या व्यायामातला तोच 'ऊ'. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा ढोलकीवाला मुलगा वाजवायचं विसरला. दिग्दर्शक दोन दिवस कुरकुरत होता, मग त्यानं त्या जागेचं पार्श्वसंगीत स्वतःच काढून टाकलं.

प्राथमिक फेरी ठीक झाली. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते, हातात संहिता आणि पेन्सिल. न कळलेल्या वाक्यांखाली रेघ मारत गेले; अकरा निघाली. त्यातली आठ एकाच प्रकारची होती, वाक्याचं शेवटचं क्रियापद गिळलेलं. मराठीत अर्थाचं ओझं शेवटच्या क्रियापदावर असतं आणि आपला श्वास नेमका तिथेच संपतो. चिरका आवाज एकदाही लागला नाही.

अंतिम फेरीत निवड झाल्याचं कळलं त्या रात्री ती आपल्या पोरांबरोबर अर्धा तास 'आव्वाज कुणाचा' ओरडली. दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा कुजबुज. मी रागावले नाही. विशीत त्या रात्री गप्प उभं राहायला सांगणं मला जमलं नसतं आणि तिला ऐकवलं नसतं. चार दिवस गेले: पूर्ण मौन दोन दिवस, वाफ, मग नळी, मग हलकं बोलणं. त्या चार दिवसांत तालमी थांबल्या नाहीत. तिनं सगळ्या प्रवेशांतून संवादाविना, नुसत्या हालचालींनी आणि श्वासांनी आजी केली, आणि तिचे संवाद प्रॉम्प्टर वाचत होता. दिग्दर्शक नंतर म्हणाला की सबंध महिन्यातल्या त्या सर्वांत चांगल्या तालमी झाल्या. त्या तालमींतून तिनं दोन जागच्या हालचाली बदलल्या, दोन्ही बसून बोलण्याच्या केल्या, कारण तिथे उभं राहायला आजीकडे श्वास नाही असं तिलाच लागलं.

अंतिम फेरीत अभिनयाचं बक्षीस तिला मिळालं नाही. मी पुन्हा शेवटच्या रांगेत होते. या वेळी तीन रेघा.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा दुर्बिणीनं तपासणी झाली. उजव्या स्वरतंतूवरची सूज गेली आहे, डावीकडे थोडी शिल्लक आहे. स आणि झ अठरा आणि सोळा. खाकरायची सवय अजून पूर्ण सुटलेली नाही; बोलता बोलता ती गळ्याशी हात नेते, थांबते, आणि खाकरण्याऐवजी आवंढा गिळते. शिकवणीच्या मुलांना गप्प करायला तिनं तुळशीबागेतून एक पितळी घंटी आणली आहे. पुढची तपासणी जानेवारीत. तोवर संध्याकाळी सहानंतर शिकवणी नाही, रात्रीचं जेवण तालमीच्या आधी, आणि गाडीवर मागे बसली की सिंहगड रस्ता संपेपर्यंत गप्प.